'आशा' : मराठी ख्रिस्ती साहित्यातील एका शब्दाचा अर्थविस्तार

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –

• मराठी परंपरेतील 'आशा' आणि ख्रिस्ती मराठीतील 'आशा' यांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनात व लेखनात संकटाला सामोरे जाताना श्रद्धेने कोणते कार्य केले, हे सांगता येईल.
• धर्मानुभव व्यक्त करणारे साहित्य वाङ्मयाचा विद्यार्थी म्हणून कसे वाचावे, याची दिशा मिळेल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो,

मराठी ख्रिस्ती साहित्याचा घटक सुरू झाला की संपर्कसत्रात एक प्रश्न हमखास येतो : "सर, हे साहित्य तर एका धर्माचे आहे. ज्यांचा तो धर्म नाही, त्यांनी ते कशासाठी वाचायचे?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर टाळून पुढे जाणे योग्य नाही. 'ज्ञानेश्वरी' वाचण्यासाठी वारकरी असावे लागत नाही, तसेच 'स्मृतिचित्रे' वाचण्यासाठी ख्रिस्ती असावे लागत नाही, एवढे उत्तर पुरेसे वाटेल. परंतु आणखी एक कारण आहे आणि ते भाषेशी संबंधित आहे. एखादा समाज नव्या श्रद्धेचा अनुभव आपल्या जुन्या भाषेत सांगू लागतो, तेव्हा जुने शब्द नवे ओझे उचलू लागतात. या घटकात आपण अशा एकाच शब्दाचा मागोवा घेणार आहोत. तो शब्द आहे 'आशा'.

तुमच्यापैकी अनेकांनी शिक्षण मध्येच सोडून काही वर्षांनी पुन्हा हाती घेतले आहे. कोणाचे घरातील आजारपणामुळे थांबले, कोणाचे लग्नामुळे, कोणाचे पैशाअभावी. त्यामुळे हा शब्द तुम्हाला केवळ कोशातून समजून घ्यावा लागेल, असे मला वाटत नाही.

२. परंपरेतील 'आशा'

प्रथम आपल्या बोलण्यातील 'आशा' पाहू. 'पावसाची आशा', 'नोकरीची आशा', 'मूल होण्याची आशा' असे आपण म्हणतो. येथे 'आशा' या नामाआधी षष्ठीत येणारा शब्द हव्या असलेल्या गोष्टीचा वाचक असतो. ती गोष्ट मिळाली की आशा संपते आणि मिळणार नाही असे ठरले की निराशा येते. म्हणजे या आशेचे आयुष्य त्या वस्तूवर अवलंबून असते.

म्हणूनच आपल्या परंपरेने आशेकडे संशयाने पाहिले आहे. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी वृत्तीचे वर्णन करताना आशेच्या शेकडो पाशांनी बांधलेल्या माणसाचा उल्लेख येतो. 'आशापाश' हा समास मराठीत रूढ आहे. संतसाहित्यात 'आशा' हा शब्द पुष्कळदा तृष्णा, काम, मोह यांच्या पंक्तीला बसलेला आढळतो. लोकभाषाही तेच सांगते. 'आशाळभूत' हा शब्द कोणाचा गौरव करीत नाही. 'आशेला लावणे' म्हणजे फसवणे. 'आशा सुटेना, देव भेटेना' ही म्हण तर आशा आणि देव यांना परस्परविरोधी टोकांना ठेवते. एक सुटल्याशिवाय दुसरा भेटत नाही.

याचा अर्थ भक्तिपरंपरेत आश्वासन नव्हते असा मात्र नाही. तेथे त्या अनुभवासाठी वेगळे शब्द आहेत. भेटीची 'आस' आहे, 'भाव' आहे, 'भरवसा' आहे. विठ्ठलाच्या भेटीची आस लागलेला वारकरी कोणत्याही वस्तूची आशा करीत नसतो. त्याची ओढ एका सगुण, जवळच्या रूपाकडे असते. हा फरक लक्षात ठेवा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

३. ख्रिस्ती मराठीतील 'आशा'

ख्रिस्ती आशय मराठीत आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात केला. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या जेझुइट धर्मगुरूचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. ओवीचा छंद आणि पुराणाचा घाट त्यांनी आपलासा केला. पुढे १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या पुढाकाराने मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला गेला. एकोणिसाव्या शतकात बायबलची भाषांतरे वारंवार सुधारली गेली आणि त्यांतून एक ओळखता येण्याजोगी ख्रिस्ती मराठी घडली.

या मराठीत 'विश्वास, आशा, प्रीती' ही त्रयी स्थिरावली. संत पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात ती येते. परंपरेत पाश मानली गेलेली आशा येथे सद्गुणांच्या रांगेत बसली! हे कसे घडले, हे समजण्यासाठी तीन गोष्टी पाहू.

(अ) आशेचा आधार बदलला. ख्रिस्ती मराठीत 'देवावर आशा ठेवणे', 'देवाची आशा धरणे' असे प्रयोग होतात. 'पावसाची आशा' आणि 'देवाची आशा' यांचे व्याकरण सारखे दिसते, परंतु अर्थसंबंध वेगळा आहे. पहिल्यात पाऊस हवा आहे. दुसऱ्यात देवाकडून अमुक एक वस्तू हवी आहे असे नसून देवावर विसंबणे आहे. आशेचा आधार वस्तूकडून व्यक्तीकडे सरकला. 'विश्वास' या शब्दाची निवडही येथे अर्थपूर्ण ठरते. श्रद्धा तत्त्वावर असू शकते, पण मराठीत विश्वास आपण बहुधा कोणावर तरी ठेवतो. या शब्दाच्या मुळाशी 'श्वस्' म्हणजे श्वास घेणे हा धातू आहे. ज्याच्याजवळ माणूस मोकळा श्वास घेऊ शकतो, त्याच्यावर त्याचा विश्वास असतो.

(आ) आशेचा क्रम बदलला. आपण समजतो की आधी आशा असते, मग संकट येते आणि ती मोडते. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल क्रम उलटा लावतो : संकटातून धीर, धीरातून कसाला उतरलेले शील आणि शीलातून आशा. येथे आशा ही संकटापूर्वीची भाबडी समजूत राहत नाही, तर संकट सोसल्यानंतर हाती आलेली गोष्ट ठरते. ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी असलेल्या कथेचा क्रमही असाच आहे. वधस्तंभावरील मरण आधी आणि पुनरुत्थान नंतर. मरण झालेच नाही, असे ही कथा म्हणत नाही.

(इ) आशेची प्रतिमा बदलली. इब्री लोकांस पाठवलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जहाजाचा नांगर असा आहे. नांगर वादळ थांबवत नाही. तो वादळात जहाजाला भरकटू देत नाही. मराठीत मात्र 'नांगर' या एका उच्चारात दोन शब्द एकत्र आले आहेत. शेताचा नांगर संस्कृत 'लाङ्गल'पासून आला आणि जहाजाच्या नांगराचे नाते फारसी 'लंगर'शी जोडले जाते. त्यामुळे वसईच्या किनाऱ्यावरील वाचकाच्या डोळ्यांपुढे जहाज उभे राहील, तर अहमदनगरच्या कोरडवाहू भागातील वाचकाला कदाचित आधी शेतच दिसेल. दुसरा अर्थ मुळाला धरून नाही, हे खरे. तरीही पाऊस येण्याआधी कोरडी जमीन नांगरून ठेवणे हेदेखील आशेचेच चित्र आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'विश्वास कमी पडला म्हणून संकट आले' असे दुःखी माणसाला सांगणारे लोक प्रत्येक धर्मात भेटतात. बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथात ईयोबाचे मित्र त्याला असेच काहीसे सांगतात आणि ग्रंथाच्या शेवटी देव त्या मित्रांनाच चूक ठरवतो. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे तक्रारीची आणि विलापाची आहेत. रडणे हा अविश्वास नव्हे, हे त्या संहितेने गृहीत धरले आहे.

४. पंडिता रमाबाई : आशा आणि कृती

शब्दाचा अर्थ शेवटी वापरणाऱ्याच्या जगण्यातून सिद्ध होतो. त्यासाठी आता तीन जीवनांकडे वळू.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला व मुलीला संस्कृत शिकवले आणि त्यासाठी समाजाचा रोष पत्करला. पुराणे सांगत तीर्थयात्रा करणाऱ्या या कुटुंबातील वडील, आई आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातील दुष्काळात गेली. भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला आणि १८८२ मध्ये तेही वारले. चोविसाव्या वर्षी रमाबाईंजवळ एक तान्ही मुलगी आणि मोठी विद्वत्ता होती. माहेर नव्हते आणि सासरही नव्हते.

१८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु येथे थांबून 'आणि त्यांना आशा सापडली' असे लिहिणे चुकीचे ठरेल. त्यांचे अडथळे संपले नाहीत. उलट नवे निर्माण झाले. वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे धर्मसिद्धान्तांवरून मतभेद झाले. स्वतःच्या बुद्धीला न पटलेले त्या केवळ अधिकारापुढे मान तुकवून स्वीकारत नसत. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी 'शारदा सदन' काढले. सदन पुण्यात आल्यावर धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले आणि १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त त्यानंतर काही वर्षांनी भेटला. आपण वर पाहिलेला वस्तूकडून व्यक्तीकडे जाणारा प्रवास त्यांच्या निवेदनात असा स्पष्ट दिसतो.

त्यांच्या आशेचे रूप मात्र शब्दांपेक्षा कामात अधिक दिसते. शारदा सदनाला अमेरिकेतील हितचिंतकांची मदत दहा वर्षांसाठी होती. त्यानंतर संस्था स्वतःच्या पायांवर उभी राहावी, म्हणून रमाबाईंनी पुण्याजवळ केडगाव येथे जमीन घेतली आणि फळझाडे लावण्याचे ठरवले. फळबाग लावणाऱ्याला अनेक वर्षांपुढचे पाहावे लागते. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व स्त्रियांना शेकडोंच्या संख्येने घेऊन आल्या. त्याच जमिनीवर 'मुक्ती' उभी राहिली. ज्या दुष्काळाने त्यांचे आईवडील नेले होते, तशाच दुष्काळाकडे त्या या वेळी मदतीसाठी चालत गेल्या. विणकाम, शेती, छपाई अशी कामे तेथे शिकवली जात. अंध स्त्रियांच्या शिक्षणाचीही सोय होती.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम बायबलच्या मराठी भाषांतराचे. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. साध्या, खेड्यातील स्त्रीला समजेल अशी मराठी हवी, हा त्यांचा आग्रह होता. छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियांनी केले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. १९२२ मध्ये स्वतः रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

५. ना. वा. टिळक : आस आणि आशा

नारायण वामन टिळक यांना रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत तत्काळ मोजावी लागली. पत्नी आणि लहान मुलगा त्यांच्यापासून सुमारे पाच वर्षे दूर राहिले.

टिळकांचे वाङ्मयीन कार्य या घटकाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मिशनच्या उपासनेत तेव्हा परकीय चालींवरील भाषांतरित गीतांचा भरणा होता. टिळकांनी अभंग आणि भजन हे प्रकार हाती घेतले. ख्रिस्ताला त्यांनी 'माउली' म्हटले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. वारकऱ्याची 'आस' आणि बायबलमधील 'आशा' यांच्यात जे अंतर भाषांतरकारांना ओलांडता आले नव्हते, ते अभंगाच्या घाटामुळे कमी झाले. दुसऱ्या विभागात 'आस' या शब्दाची नोंद करून ठेवा असे सांगितले होते, ते याचसाठी. नवी श्रद्धा परक्या शब्दांत राहिली की संकटकाळी ओठांवर येत नाही. ती आईच्या भाषेत यावी लागते.

६. लक्ष्मीबाई टिळक : आशा आणि हसू

आता ही कथा दुसऱ्या बाजूने पाहू. पतीचा बाप्तिस्मा हा लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील मोठा आघात होता. लहान वयात लग्न झालेली, शाळेत न गेलेली, कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली ही स्त्री मुलासह नातलगांच्या आश्रयाने राहिली. टिळकांची आशा त्या काळी लक्ष्मीबाईंचे दुःख होती, हे विसरून चालणार नाही. धर्मांतराच्या गौरवकथांत ही बाजू बहुधा गाळली जाते. 'स्मृतिचित्रे' ती गाळत नाही.

पुढे त्या पतीकडे गेल्या, तरी काही काळ आपले सोवळे वेगळे सांभाळून राहिल्या. केवळ पतीने सांगितले म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद देवाने केले नसून माणसाने केले आहेत, हे त्यांना आधी स्वतःच्या विचाराने पटले आणि मग १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नंतरचे आयुष्यही सुखाचे नव्हते. टिळकांची उधळी उदारता, घरात पैशाची चणचण, प्लेगची साथ, रुग्णसेवा. १९१९ मध्ये टिळक गेले.

टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतले होते. सुमारे दहा अध्याय झाले आणि काम थांबले. पन्नाशी उलटलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि उरलेले साठहून अधिक अध्याय लिहिले. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले. १९३६ मध्ये त्या वारल्या, तेव्हा शेवटचा भाग अपुरा होता. मुलगा देवदत्त यांनी तो पूर्ण केला. अपुरे काम एकाने दुसऱ्याच्या हाती द्यावे आणि दुसऱ्याने ते उचलावे, असा क्रम या घराने दोनदा पाहिला.

'स्मृतिचित्रे'तील आशेचे वैशिष्ट्य असे की, तिच्याविषयी उपदेश जवळजवळ नाही. लक्ष्मीबाई दारिद्र्य, अपमान, विरह सांगतात आणि त्यातच हसतात, बहुतेक वेळा स्वतःला. ज्याला शेवटी सर्व सांभाळून घेतले जाईल असा भरवसा असतो, तोच आपल्या फजितीची गोष्ट इतक्या मोकळेपणाने सांगू शकतो, असे मला वाटते. हे माझे वाचन आहे. तुम्ही पुस्तक वाचून ते पटते का ते पाहा.

७. समारोप

या तिघांच्या चरित्रांत श्रद्धेमुळे संकट टळले, असे एकही मोठे उदाहरण मला दाखवता येणार नाही. काही संकटे तर श्रद्धेमुळेच आली. तरीही रमाबाईंनी बाग लावली, टिळकांनी अभंग रचले, लक्ष्मीबाईंनी दुसऱ्याचे अपुरे काव्य पुरे केले. त्यांच्या संदर्भात 'आशा' या शब्दाचा अर्थ 'सर्व ठीक होईल ही अपेक्षा' असा करता येत नाही. 'कोणावर तरी विसंबून, परिणाम हाती नसतानाही, आजचे काम करीत राहण्याची शक्ती' असा तो करावा लागतो. मराठी भाषेच्या अर्थभांडारात ख्रिस्ती साहित्याने घातलेली ही भर आहे.

ही श्रद्धा तुमची असेल किंवा नसेल. विद्यार्थी म्हणून तुमच्याकडून एवढीच अपेक्षा आहे की, जी माणसे तिच्या आधाराने उभी राहिली, त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांतून नीट ऐकावे. त्यांच्यावर झालेली टीकाही वाचावी. आणि दिवसभराचे काम आटोपून रात्री हे पुस्तक उघडताना आपण स्वतः कोणत्या अर्थाने आशा धरून आहोत, याचाही कधी विचार करावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'आशा सुटेना, देव भेटेना' ही म्हण आणि 'देवाची आशा धरणे' हा प्रयोग यांतील 'आशा' शब्दाच्या अर्थांची तुलना करा.

२. केडगावच्या फळबागेच्या आधारे पंडिता रमाबाईंच्या आशेचे स्वरूप दहा ओळींत स्पष्ट करा.

३. 'टिळकांची आशा त्या काळी लक्ष्मीबाईंचे दुःख होती.' या विधानाची 'स्मृतिचित्रे'च्या आधारे चर्चा करा.

४. तुमच्या बोलीत 'आशा', 'आस', 'भरवसा', 'धीर' हे शब्द कोणत्या प्रसंगी वापरले जातात? घरातील वडीलधाऱ्या माणसांशी बोलून प्रत्येकाची दोन वाक्ये टिपून ठेवा आणि संपर्कसत्राला येताना सोबत आणा.